वरच्या मजल्यावरचं अव्वल दुखणं

घर बघायला गेलो त्या दिवशी मी घरमालकांना उचललं, आणि माझी पाठ गेली.

यात चूक कोणाची, यावर आमचं दोघांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. यवतमाळात आर्णी रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत तळमजल्याची जागा भाड्याने आहे असं कळलं, म्हणून संध्याकाळी गेलो. फाटक उघडं होतं. आत जिना, आणि जिन्याच्या मध्यावर एक म्हातारे गृहस्थ कठडा धरून, डोळे मिटून उभे. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. मी हाका मारल्या, उत्तर नाही. मी तेव्हा ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवत होतो. मुलांना शूरवीरांच्या गोष्टी सांगून सांगून मास्तराच्या डोक्यावरही परिणाम होतो. मी धावत गेलो, एक हात त्यांच्या पाठीमागे आणि एक गुडघ्यांखाली घातला, आणि सिनेमातला नवरदेव नवरीला उचलतो तसं त्यांना उचललं. थोडा वर चढलो असेन नसेन, कमरेत कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडल्यासारखा आवाज झाला.

नशीब असं की जिन्याच्या मधल्या टप्प्यावर जीपची एक जुनी सीट बसवलेली होती. त्यांना तिच्यावर टाकलं आणि मी कठड्याला लोंबकळत राहिलो. त्यांनी शांतपणे डोळे उघडले.

"कोण तुमी?"

"खोली पाहायला आलो."

"मंग खोली पाहा ना. मले कायले उचलून राह्यले?"

"तुम्ही अडकला होतात..."

"अडकलो नवतो बाप्पा. उभा होतो. अर्ध्या जिन्यात मी रोजच उभा राह्यतो. थांब्यावर येष्टी उभी राह्यली तं तिले कोणी उचलते का?"

मी सरळ व्हायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. "पसंत आहे का खोली?" त्यांनी विचारलं. खोली मी अजून पाहिलीच नव्हती, पण तिथून निघणंही शक्य नव्हतं. मी हो म्हणालो. बायकोला फोन करून बोलावलं. सामान मागाहून आलं, मी मात्र त्या संध्याकाळपासूनच रिकाम्या खोलीत फरशीवर आडवा होऊन राहायला लागलो होतो.

त्यांना सगळी गल्ली ग्रेडर साहेब म्हणायची. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी कापूस खरेदी केंद्रावर काढली होती. बैलबंड्या, ट्रॅक्टर रांगेत उभे राहायचे आणि हे प्रत्येक ढिगातून चिमूटभर कापूस उचलून दोन्ही हातांच्या चिमटीत ताणायचे. धागा किती लांब, ओलावा किती, किडून पिवळी पडलेली कवडी किती, हे बघून माल अव्वल की दुय्यम ते ठरायचं. मग चाळिशीच्या आतच त्यांना आमवाताने धरलं. बोटं हळूहळू वाकली ती अशी, की अंगठा आणि तर्जनी अजून चिमटीतच राहिली होती. बघणाऱ्याला वाटावं, यांच्या हातात कोणीतरी न दिसणारा कापूस दिला आहे आणि हे अजून भाव ठरवतायत. गुडघे सुजलेले, घोटे सुजलेले. सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत म्हणून सगळे सदरे बिनबटणाचे. कप एका हाताने धरता येत नाही म्हणून दोन तळव्यांमध्ये पकडून, पाणी अर्पण केल्यासारखा तोंडाशी न्यायचा.

तरीही ते वरच्या मजल्यावर राहायचे. तळमजला भाड्याने देऊन वर, असा हिशेब पायाने अधू माणूस करत नाही. मी एकदा विचारलं.

"खाली राह्यलो का लोकं येता-जाता खिडकीतून डोकावतात," ते म्हणाले. "'कसं आहे साहेब?' म्हणतात, अन् उत्तर आयकाच्या आधी निघून जातात. उभ्या-उभ्यानं दया करून जाणाराइले मी कायले जागा देऊ? वर याले लागते, तं आलेला माणूस बसते तरी."

आणि लोक येत, हेच माझं दुखणं होतं. म्हणजे पाठीखेरीजचं. सकाळ झाली की फाटक वाजायचं आणि कोणीतरी माझ्या खिडकीत तोंड घालून विचारायचं, "साहेब आहेत का वर?" मी फरशीवर पाय वर करून व्यायामाच्या अवस्थेत असायचो. "आहेत," मी म्हणायचो. माणूस वर जायचा. माझे पाय वर का आहेत, हे विचारायचं कोणालाही सुचलं नाही. यवतमाळातल्या इतक्या माणसांना मी ओळखायचो ते फक्त हनुवटीपर्यंत.

वर जिन्याच्या टप्प्यावर, त्या जीपच्या सीटवर दरबार भरायचा. सीट बसवली होती रहीमभाई मेकॅनिकने. त्याचं गॅरेज गल्लीच्या तोंडाशी होतं. साहेबांची काठीही त्यानेच केलेली, वर मोटरसायकलच्या हँडलची रबरी मूठ, म्हणजे वाकड्या बोटांत नीट बसावी. शिवाय त्याने कठड्याला एक जुना भोंगा ठोकला होता, रबरी फुगा दाबला की वाजणारा. फोनचं बटण बोटांना जमत नसे, पण फुगा कोपराने दाबता यायचा. एकदा वाजला की चहा, लांब वाजला की कोणीतरी या, आणि थांबून थांबून वाजला की साहेब नुसतेच खुशीत आहेत. भोंगा वाजला की माझी बायको हातातलं काम टाकून वर जायची. साहेबांचा डबाही रोज तीच वर न्यायची. मी खालून कण्हलो तर ती स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "आयकलं."

दरबारात साहेब दुखण्यांची प्रतवारी करायचे. हा त्यांचा खरा छंद. कोणी गुडघा घेऊन यायचा, कोणी खांदा, कोणी मूळव्याध. साहेब डोळे मिटून ऐकायचे, ती कायमची चिमटी हवेत धरायचे आणि विचारायचे, "बसल्यावर दुखते का उठतानी? ऊन असलं का आभाळ आलं का?" आणि मग निकाल. रहीमभाईची कंबर गाडीखाली झोपून झोपून गेली होती. तो म्हणाला, "साहब, कमर तो गई, अब मैं भी गया समझो." साहेब म्हणाले, "माल एक नंबर. पण ओलावा जास्त. रडणं कमी करा, भाव वाढीन." रहीमभाई इतका खूश झाला, की जाताना माझ्या खिडकीत थांबून त्याने मला सांगितलं, "एक नंबर बोले!"

असा लौकिक ऐकल्यावर मी मागे कसा राहीन? माझं दुखणं तर त्यांच्या जिन्यावर, त्यांच्याच सेवेत जन्मलेलं. माझी मणक्यातली गादी सरकली होती, एमआरआयमध्ये ती स्पष्ट दिसायची. मी जिना चढलो, प्रत्येक पायरीवर थांबून, जरा दिसेल असा. सीटसमोर उभा राहिलो आणि सांगायला सुरुवात केली. खडू खाली पडला तर मी तो उचलत नाही, मुलं उचलून देतात आणि हसतात. मोजे बायको घालून देते. स्कूटर विकली. शिंक आली की आधी भिंत शोधतो. वर्गात बसता येत नाही, उभं राहवत नाही, म्हणून टेबलाला रेलून आख्खी फ्रेंच राज्यक्रांती शिकवली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, हे दुखणं नुसतं असतानी जास्त दुखते, का सांगतानी?"

मी प्रामाणिक माणूस आहे. "सांगताना," मी म्हणालो.

"फरदड," ते म्हणाले.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कापसाचा हंगाम आटोपला की पऱ्हाटी उपटून टाकायची असते. पण काही लोक तिला पाणी देऊन ठेवतात आणि पुन्हा येणारं किडकं, आखूड धाग्याचं बोंड वेचत बसतात. ती फरदड. बाजारात तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. माझी पाठ त्या वर्गात गेली. रहीमभाईला हे कळायला अर्धा दिवसही लागला नाही. त्याने मला गॅरेजमधूनच हाक मारली, "क्या सर, आप फरदड निकले?"

माझ्या दुखण्याची खरी अडचण अशी, की ते दिसत नाही. बोटं वाकडी असती तर टेबलावर ठेवली असती. पाठ कोणाला दाखवणार? कॉलेजात पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी विचारपूस केली, मग एक सहकारी म्हणाला, "चेहऱ्यावरून तर तुम्ही मस्त दिसता." त्यानंतर मी चेहऱ्याचीही तयारी केली, पण तो मुळात गोल आहे, त्याच्यावर काही टिकत नाही. शेवटी मी कमरेचा पट्टा घेतला, रुंद, काळा, पोलादी पट्ट्यांचा. आणि शर्टाच्या आतून बांधल्यावर कोणाला दिसणार म्हणून शर्टावरून बांधला. गल्लीतून निघालो तर भाजीवाली म्हणाली, "सर जिमले लागले वाटते." वर गेलो तर साहेबांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "बारदाना चांगला आहे."

कापूस भरायच्या गोणीचं कौतुक. आतल्या मालाबद्दल शब्द नाही.

या शहरात आजारी पडायचं असेल तर आधी तब्येत चांगली लागते. मला जो हाडांचा डॉक्टर सांगितला होता तो दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या दारात खोकी रचलेली. व्यायाम शिकवणारी फिजिओ ताई पहिल्या मजल्यावर, जिना असा उभा की वर पोचेपर्यंत जो व्यायाम व्हायचा तोच ती नंतर मना करायची. साहेबांकडे मात्र ती घरी यायची. आमच्या गल्लीत सिमेंटचा नवा रस्ता झाला, आणि ठेकेदाराने जुन्याच्या उरावर नवा ओतल्यामुळे तो आमच्या उंबरठ्याच्या वर गेला. घरातून बाहेर पडायला आता गुडघाभर चढायचं. मी नगरपालिकेत जाऊन तक्रार केली. तिथेही खिडकी वरच्याच मजल्यावर. मी परत येईपर्यंत रहीमभाईने साहेबांसाठी फाटकापासून रस्त्यापर्यंत लोखंडी पत्र्याचा उतार करून टाकला होता. तो मीही वापरायचो, पण लोक त्याला साहेबांचा उतार म्हणायचे.

एकदा आम्ही दोघं बँकेत गेलो. पेन्शनसाठी साहेब हयात आहेत हे वर्षातून एकदा बँकेला दाखवावं लागायचं आणि बँक, अर्थातच, जिन्यावर. बायको म्हणाली, "तुमी जा सोबत. त्याइले एकटं कसं पाठवता?" मला एकटं पाठवताना तिला असं कधी वाटलं नव्हतं. रिक्षा बँकेखाली उभी राहिली. साहेब म्हणाले, "तुमी वर जाऊन सांगा, सर. मी बसतो." मी पट्टा आवळला आणि चढलो. रांगेत उभा राहिलो. नंबर आल्यावर खिडकीतली मुलगी म्हणाली, "पेन्शनर कुठे आहेत?"

"खाली रिक्षात. त्यांना चढता येत नाही."

"मग त्यांना वर आणावं लागेल."

"अहो ताई, मलाच कसं चढता आलं ते मी..."

"तुम्ही पेन्शनर आहात का?"

"नाही."

"मग तुमचं काय?"

हा प्रश्न मला त्या वर्षात खूप जणांनी विचारला, पण इतक्या नेमकेपणाने तिनेच. मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात खालून भोंगा वाजला. साहेबांनी तो रहीमभाईकडून कठड्यावरून काढवून सोबत आणला होता! सगळी बँक खिडकीशी गेली. आतल्या केबिनमधले अधिकारी डोकावले आणि ओरडले, "अरे, हे तर ग्रेडर साहेब!" ते महागावकडचे. लहानपणी वडिलांसोबत कापसाच्या गाडीवर बसून खरेदी केंद्रावर गेले होते, आणि साहेबांनी त्यांच्या वडिलांचा माल कसा परत पाठवला होता हे त्यांना अजून आठवत होतं. माणसाचा माल परत पाठवा, तरी तो तुमच्यासाठी जिना उतरतो; मी माझ्या विद्यार्थ्यांना इतकी वर्षं पास करत आलो, आजवर एकही कुठे उतरला नाही. अधिकारी मशीन घेऊन धावत खाली गेले. अंगठा काही मशीनला पटेना, मग डोळ्यावरून काम झालं. मी कठड्याला धरून, खेकड्यासारखा आडवा, एकेक पायरी उतरत खाली पोचलो तेव्हा रिक्षाभोवती गर्दी होती, साहेब दोन तळव्यांत कप धरून चहा पीत होते, आणि एक कारकून त्यांना आपलं मानेचं दुखणं सांगत होता.

"वर पंखा होता का, सर?" त्यांनी मला विचारलं.

हे सगळं चाललं असताना एक टांगती गोष्ट मात्र त्या घरात कायम असायची. साहेबांची एकुलती एक मुलगी पुण्याला होती आणि तिला बापाला तिकडे न्यायचं होतं. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल. तो यायच्या आधी साहेब दाढी करून घेत, ताठ बसत आणि रहीमभाईला सांगून फोन असा ठेवून घेत की चेहरा दिसावा आणि हात दिसू नयेत. ती विचारायची, "बाबा, सकाळी उठता येतं ना?" हे म्हणायचे, "उठणं कायचं घेऊन बसली? मी तं कोंबड्याले उठवतो." फोन बंद झाला की बराच वेळ भोंगा वाजायचा नाही.

"तिथं सगळं आहे," ते एकदा मला म्हणाले. "लिफ्ट आहे, न्हाणीत धराले दांड्या आहेत, पोरगी जीव लावते. पण लिफ्ट मले खाली नेईन, मान्य. खाली जाऊन मी कोणाकडं जाऊ?"

आता माझी दिनचर्या सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. डॉक्टरांनी मला कडक फरशीवर झोपायला सांगितलं होतं. मी उताणा पडायचो आणि वर छत. छतावर साहेब. हेवा करणाऱ्या माणसाला दुसरा उद्योग नसतो. मी ऐकत पडायचो. काठीचा टक्. मग घासलेला पाय. मग खिडकीशी थांबणं. मग न्हाणीघराकडे वळताना भिंतीला टेकलेला तळवा. मला हे सगळं पाठ झालं होतं. आभाळ आलं की पाय जास्त घासायचा. गुणगुणणं ऐकू आलं की समजायचं, आज बोटांनी कंगवा धरला. आणि दर वेळी मी मनात म्हणायचो, यात काय एवढं? मीही उठलो की!

एके सकाळी वर काहीच वाजलं नाही. टक् नाही, घासणं नाही. मी वाट पाहिली. मग वर निघालो. त्या दिवशी माझी पाठ अशी धरली होती की उभं राहता येईना, म्हणून चक्क रांगत जिना चढलो. साहेब पलंगाच्या कडेला बसले होते. पाय खाली, हात मांडीवर, आणि सगळे सांधे पेटल्यासारखे लाल. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच काहीही पाहिलं नाही. प्रतवारी नाही, टोमणा नाही.

"आज नाई होत," ते म्हणाले. मग मी दारात चारी पायांवर आहे हे त्यांना दिसलं. "तुमी असे काहून आले?"

"पाठ."

"बरं. दोघं मिळून एक माणूस होतो का पाहू."

मी पाणी तापवलं. परातीत ओतून त्यांचे हात त्यात धरले. पाणी निवलं तसं पुन्हा तापवून ओतलं. मग ते म्हणाले, "कोणाले सांगू नका. लोकं बोटं वाकडी पाह्याले येत नाईत, मी कसा हासतो ते पाह्याले येतात. हे पाह्यलं तं याचे बंद होतीन. अन् पोरीच्या कानावर गेलं तं मंग झालंच."

मी सांगणार नाही म्हणालो. खाली आलो आणि फरशीवर पडून संतापलो. इतकं दुखतंय आणि कोणालाच सांगायचं नाही! एवढा माल माझ्याकडे असता तर मी गल्लीत दवंडी पिटली असती. याला म्हणतात श्रीमंती. अशा सकाळी नंतरही येत गेल्या. मी आवाज न आलेला ऐकायचो, वर जायचो, परात ठेवायचो आणि खाली येऊन जळायचो.

मग एका थंडीच्या दुपारी मुलगी आली. साहेब टप्प्यावर सीटवर बसले होते, पण ती वर गेली नाही. बॅग फाटकाशी ठेवून आधी माझ्याकडे आली. मी फरशीवर होतो, उठू लागलो, तर म्हणाली, "नका उठू, सर. मला फक्त खरं सांगा. बाबा मला खरं सांगत नाहीत. मी परतीची दोन तिकिटं काढूनच आले आहे. ते एकटे राहू शकतात का इथे?"

जिन्यावर, सीटवर बसल्या बसल्या वाजणारी काठी थांबली. ते ऐकत होते.

मी तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढून काय काय गेलं. वरचा मजला रिकामा. भोंगा नाही. खिडकीत हनुवट्या नाहीत. बायकोची वांग्याच्या भरिताची वाटी वर न जाता माझ्यासमोर. एक 'नाही' म्हणायचं होतं फक्त, आणि ते खोटंही नव्हतं. उलट हो म्हणालो असतो तर तेच खोटं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "किती सोसतात ना बाबा!"

इथे माझा तोल गेला.

"कोण सोसतं? ते?" मी म्हणालो. "त्यांना काय झालंय? अहो, सकाळी माझ्या आधी उठतात. उजव्या हातातली काठी टेकतात, मग डावा पाय घासत खिडकीशी येतात, तिथे थांबून रस्ता बघतात. आभाळ असेल तर दोन वेळा थांबतात. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी तळवा टेकतात, तिथे एकदा फरशी ओली होती, मी पोतं टाकलंय. कंगवा हातात बसला तर गुणगुणतात. भाकरी कडक असेल तर चावताना त्यांचा जबडा दुखतो म्हणून आमच्याकडून दुधात भिजवून जाते, मला मात्र कडक! आणि महिन्यातून एखाद-दुसऱ्या सकाळी नाही उठत, तर त्यात काय एवढं? वर आवाज झाला नाही की मी जातोच ना! माझी पाठ धरलेली असली तरी जातो, रांगत जातो, परातीत गरम पाणी ठेवतो, हात धरतो, बोटं सुटेपर्यंत बसतो. तासभर बसतो! आणि मला कोण विचारतं? सांगा ना, मला कोण..."

आणि मग मी काय बोलून बसलो ते मला ऐकू आलं. ज्या सकाळींबद्दल शब्द दिला होता, त्या मी स्वतःचं मोठेपण सांगण्याच्या भरात तिच्या ओंजळीत टाकल्या होत्या. मला वाटलं, संपलं. दोन तिकिटं, लिफ्ट, दांड्या. आणि मला ते नको होतं, साहेब जायला नको होते. भोंग्यासकट इथेच हवे होते.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग ती जिन्याच्या तोंडाशी गेली आणि वर बघून म्हणाली, "बाबा, या सकाळी मला का नाही सांगितल्या?"

वरून काठीचा एक टक् आला.

"तिकडे नेलं तरी मी दिवसभर ऑफिसात असणार," ती म्हणाली. आधी बापाला, मग स्वतःलाच. "शेजारच्या खोलीत झोपले तरी तुमचा कोणता पाय घासतो ते मला कळणार नाही. यांना छतातून कळतं." मग तिने डोळे पुसले आणि तिला हसू आलं. "एक तिकीट रद्द करते. पण रविवारी मी फोन यांना करणार, तुम्हाला नाही. आणि हात दाखवायचे."

"दाखवतो," वरून आवाज आला. तो जरा ओला होता, पण ओलाव्याबद्दल बोलायची ती वेळ नव्हती.

मी पट्टा नीट केला आणि शक्य तितका रुबाबात भिंतीला टेकून उभा राहिलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी तळमजल्यावर थांबलं होतं. मला वाटलं, आता माझ्याबद्दलही दोन शब्द निघतील. निघाले. माझी बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, कधीपासून देव जाणे.

"ठेवा बाबाइले खुशाल, ताई," ती म्हणाली. "याइचे कान दिवसभर वरच असतात. बाबाइचा कोणता पाय घासते, ते सांगतलं ना आता? मंग आता याइले विचारा, रोज डबा घेऊन हा जिना चढते त्या बाईचं कोणता गुडघा दुखते."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं. ती सरळ उभी होती, ट्रे हातात, काही कळू देईना. मी तिच्या उभं राहण्यावरून अंदाज बांधायचा प्रयत्न केला, आणि परीक्षेत नापास होणारी मुलं ज्या ठामपणे बोलतात त्या ठामपणे म्हणालो, "उजवा."

वर जीपची सीट करकरली.

"दोन्ही दुखतात तिचे," साहेब म्हणाले. "दोन वर्सं झाले. सर, तुमच्या घरात कोण-कोण राह्यते, हे तरी तुमाले माहीत आहे का?"